धुके, ऊस आणि पहाटेचा प्रवास

चातुर्मास संपला की आपल्या घरांतील लग्नकार्ये, तीर्थयात्रा आणि खरेदीचे दौरे एकदमच सुरू होतात. नेमक्या त्याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात येतो आणि कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी पहाटे धुके उतरू लागते. या तिन्ही गोष्टींची गाठ एकाच रस्त्यावर पडते.

सांगली जिल्ह्यातील एका शाखेत मी अधिकारी असतानाची गोष्ट. आमचे एक कापड व्यापारी खातेदार होते. त्यांचा थोरला मुलगा लग्नाहून परतताना पहाटे पाचच्या सुमारास उसाच्या उभ्या ट्रॉलीवर गाडीसह आदळला. ट्रॉलीचे चाक बसले होते. मागे ना दिवा, ना रेडियमची पट्टी, केवळ चार दगड मांडलेले. पंधरा दिवसांनी वडील मुलाच्या खात्याची कागदपत्रे घेऊन माझ्यासमोर बसले. अर्जावर सही करता करता थांबले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, दुकान नऊला उघडायचे म्हणून मीच त्याला रात्री नीघ म्हटले होते." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

आयुष्य बँकेत गेल्याने हिशेब मांडल्याविना मला चैन पडत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तर 33 मीटर तेथेच संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास आणखी 35 मीटर लागतात. म्हणजे जवळजवळ 70. हवामान खात्याच्या परिभाषेत 200 मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की ते दाट धुके आणि 50 मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की अतिदाट. तेव्हा 50 मीटर दिसत असताना 80 ने जाणे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना धनादेश फाडणे होय. ताशी 40 च्या वेगाला हेच अंतर 26 मीटरच्या आसपास येते.

धुक्यात प्रखर दिवे लावल्याने अधिक दिसते, हा भ्रम आहे. जलकणांवरून तो प्रकाश आपल्याच डोळ्यांवर परततो. दिवे डिप्परवरच ठेवावेत. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालविण्याची जी नवी रीत पडली आहे, तिने आपण वळणार की थांबणार हे मागच्यास कळत नाही. ते दिवे गाडी थांबलेली असेल तेव्हाचे. काच आतून धुरकट झाल्यास हातरुमालाने पुसत बसू नये, वातानुकूलन चालू करून वारा काचेवर सोडावा. आणि समोरून एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकल असेलच असे नाही. एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो, मागे दोन ट्रॉल्या घेऊन.

ट्रॅक्टरवाल्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांची शेती आहे, ऊसही कारखान्यास जातो. आपला ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीस मागून पट्टी आहे का, हे किती जणांनी वाकून पाहिले आहे? एका लग्नपत्रिकेच्या छपाईहून तो खर्च अधिक नसावा.

पगारी चालकाविषयीही लिहिले पाहिजे. आपण मागे झोपतो, तो दिवसभराचा जागा असतो. त्याने "शेठ, थोडे थांबू" म्हटले तर घड्याळ पाहू नये.

गेल्या महिन्यात इस्लामपूरला भाचीचे लग्न झाले. रात्रीच निघण्याचा मुलाचा आग्रह होता, दोघांत थोडी बोलाचालीही झाली. अखेर मुक्काम केला. सकाळी नवकारसी झाली तरी नदीकाठ पांढराच होता, म्हणून आणखी एक चहा घेतला आणि साडेआठला निघालो. त्या दिवशी दुकान अकराला उघडले.