आजीचा विसर आणि रक्ताचा अहवाल

१९७०च्या दशकात शहादा तालुक्यातल्या ज्या आदिवासी बायांनी गावोगावी दारूची मडकी फोडली, त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत. लोणखेड्यात बायांची बैठक बसली की एखादीची सून सांगते, "आजी तव्यावर भाकर टाकते नि विसरून जाते." लगेच दुसरी म्हणते, "वय झालं, चालायचंच." आमचे भांडण या 'चालायचंच'शी आहे.

रोजची कामे जमतात, पण विसर पूर्वीपेक्षा वाढलेला आहे, ही अवस्था स्मृतिभ्रंशाच्या आधीची असू शकते. प्रत्येकीचे पुढे तसेच होते असे नाही. या विसरामागे अल्झायमर आहे का, हे कळायला पूर्वी पाठीच्या मणक्यातले पाणी काढावे लागे किंवा महागडा पेट स्कॅन करावा लागे. आता अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या खुणा रक्तात मोजता येतात. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. मात्र तेवढ्यावर निदान होत नाही. मूत्रपिंड बिघडले असले तरी यातले काही आकडे वाढतात.

ही चाचणी आपल्यापर्यंत यावी, असे आम्हालाही वाटते. पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? रक्त कमी असणे, बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड यांनीही विसर वाढतो, आणि त्यावर उपचार आहेत. आयुष्यभर सर्वांच्या शेवटी जेवलेल्या बाईचे हे साधे रक्त आधी तपासा. तिचे कान नि डोळेही तपासा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. शिक्षण न मिळणे हाही त्यातला एक धोका मानला जातो. शाळा कोणाची सुटली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको! निरक्षर बाईला तारीख विचारून, अंक लिहायला लावून नापास करू नका. तिला कळेल अशा प्रश्नांनी आणि तिच्या बोलीत तपासा.

आणि अहवाल कोणाच्या हाती जाणार? "म्हातारीचं डोकं गेलं" म्हणत सातबाऱ्यावरचे तिचे नाव काढायला तो कागद वापरला जाईल. आपल्या सातपुड्यात बायांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी वेगळी वागणारी एकटी म्हातारी अजून निर्धास्त नाही. म्हणून रक्त घेण्याआधी तिला समजावून सांगा, तिची संमती घ्या, आणि अहवाल आधी तिलाच सांगा.

आमची मागणी साधी आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात म्हाताऱ्या बायांच्या विसराची तपासणी ठरलेल्या दिवशी, मोफत व्हावी. आणि घरात तिची देखभाल फक्त सुनेच्या गळ्यात पडू नये. मुलगेही तिचेच आहेत ना?