तार वेशीपर्यंत आली, पुढे?

२०२० साली टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाइलवर भरू लागली. मी तेव्हा नववीत होतो. आम्ही चार-पाच पोरे रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर जाऊन बसत असू, कारण रेंज तेथेच मिळे. टेकडीवरून ग्रामपंचायतीची कचेरी स्पष्ट दिसे. त्या कचेरीत एका कुलूपबंद पेटीत वेगवान इंटरनेटची काचेची तार केव्हाच येऊन पडली होती!

ही तार गावोगाव नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. अडीच लाख ग्रामपंचायती आणि सुमारे २० हजार कोटी रुपये असा तो हिशेब होता. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. २०२३ साली सुधारित योजनेसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. हा आकडा ऐकून शहरातील माझे मित्र विचारतात, "एवढा पैसा खेड्यांवर उधळायचा कशाला? ज्याला हवे त्याने पैसे मोजावेत."

मित्रहो, खरा खर्च तारेचा नाही, चर खणण्याचा आहे. शहरात एक चर खणला की इमारतीतली पन्नास बिऱ्हाडे जोडली जातात. वाडीवर तेवढ्याच लांबीच्या चरात पाच घरेही येत नाहीत. नफा पाहणारी कंपनी तिकडे फिरकणार कशी? पण टपालखात्याने असा हिशेब कधी केला नाही. पोस्टकार्ड शेजारच्या गल्लीत धाडा की गडचिरोलीतल्या पाड्यावर, किंमत एकच!

शिवाय खेडूत भीक मागत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अशा कामांसाठी एका सरकारी निधीत जाते. ती शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून येते. माझी आई भाजी विकून मोबाइलचे रिचार्ज करते. त्यातलाही वाटा तेथे गेलेला आहे.

माझी तक्रार खर्चाबद्दल नाही. तो कचेरीच्या दारात थांबतो, याबद्दल आहे. कचेरीपासून घरापर्यंतची तार कोण टाकणार, ती तुटली तर कोण जोडणार आणि महिन्याचे भाडे मजुराला परवडेल काय, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर आधीचे कोट्यवधी रुपये मातीत पुरल्यासारखेच नव्हेत काय? नव्या योजनेत पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरे जोडण्याचे वचन आहे. आपण सुशिक्षितांनी किती मैल तार टाकली हे न विचारता, किती घरांत ती चालू आहे, हे विचारावे असे मला वाटते.