न आलेला चार गिगाहर्ट्झचा पेंटियम



चिप उद्योगात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी 'क्रांती' जाहीर करतं. कंपन्यांचा तो धंदाच आहे, तक्रार नाही. पण खरं वळण कशाला म्हणायचं? माझी कसोटी साधी आहे. त्यानंतर दुकानात वेगळा प्रश्न विचारला जाऊ लागला का, आणि माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला कोड वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागला का? या कसोटीला पुरेपूर उतरणारी जी घटना मला सापडते, तीत गंमत म्हणजे बाजारात नवीन काहीच आलं नाही. उलट येणारं रद्द झालं.

मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ चा पुढचा अवतार 'तेजस' गुंडाळला (नाव अगदी आपल्यातलं!). ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ सुद्धा रद्द केला. तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली, अर्थात गमतीत. लोक हसले आणि विसरले.

आता आकडे बघा. १९९३ चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा. २००४ संपताना ३.८ गिगाहर्ट्झ. अकरा वर्षांत साठपटीहून जास्त! आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत? २०२४ ची इंटेलची डेस्कटॉप चिप फार ताणली तर ६.२ गिगाहर्ट्झ. दुप्पटसुद्धा नाही. आम्ही शाळेत असताना कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार आधी "किती गिगाहर्ट्झचा पाहिजे?" म्हणायचा. आता कुणी विचारतं?

मूरचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो फक्त ट्रान्झिस्टरच्या संख्येबद्दल बोलतो. वेग फुकटात मिळायचा तो दुसऱ्याच एका नियमामुळे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली तो मांडला. (डीरॅमची एक-ट्रान्झिस्टरवाली कल्पनाही त्यांचीच. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा आपल्या पेपरांत फारसं काही वाचलं नाही.) ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगाने चालतात, आणि तरी उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हे जमलं.

९० नॅनोमीटरला गणित फसलं. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर जेमतेम १.२ नॅनोमीटर उरला, म्हणजे काही अणूंची जाडी. व्होल्टेज आणखी उतरवायचं तर ट्रान्झिस्टर नीट बंदच होईना. नळाचा वायसर गेल्यावर नळ बंद करूनही पाणी टपकत राहतं, तसा करंट गळत राहायचा. असे कोट्यवधी नळ एका नखाएवढ्या जागेत! फेब्रुवारी २००४ चा 'प्रेस्कॉट' पेंटियम शंभर वॉटच्या वर गेला तो यामुळेच.

मग वेग वाढवायचा नाद सोडून कोअर वाढवायला सुरुवात झाली. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ मध्ये दोन कोअर घातले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांच्याही डेस्कटॉप चिप दोन कोअरच्या झाल्या. पुढे २०१२ मध्ये ॲलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क दोन गेमिंग जीपीयूंवर शिकवलं गेलं. आजच्या एआयची सगळी धामधूम त्याच रस्त्यावरची आहे: एकट्याला पळवता येत नाही, मग हजारोंना एकदम कामाला लावा. याउलट २०११ चा फिनफेट, इंजिनिअरिंग म्हणून अफाट असला, तरी मी वळण म्हणणार नाही. त्याने जुना रस्ता चालू ठेवला, एवढंच.

हे सगळं आपल्या पोटापाण्याशी कसं येतं? २००४ पर्यंत आळशी कोड लिहिला तरी पुढच्या वर्षीचं मशीन तो सांभाळून घ्यायचं. आता तसं होत नाही. पोळ्या चौघांनी लाटल्या तर लवकर होतात, पण भाताला लागायचा तेवढा वेळ लागतोच. आमच्या ऑफिसात रोज रात्री चालणारा एक जुना जॉब आहे, सगळा एकाच थ्रेडवर. गेल्या वर्षी तो आठ कोअरच्या मशीनवरून बत्तीस कोअरच्या मशीनवर हलवला. आधी चार तास लागायचे, आता चारला दहा मिनिटं कमी. पैसे मंजूर करणारे साहेब अजून विचारतात, बाकीचे कोअर रात्रभर करतात काय?

असो. पुढच्या वेळी भेटूच.