छायाचित्र कोणाचे, आणि त्याचे मोल काय?

सौंसरजवळच्या जामसांवलीचा मारुती आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. गदा उगारून उभा ठाकलेला किंवा द्रोणागिरी तळहातावर घेऊन झेपावणारा हा मारुती नव्हे. पिंपळाच्या छायेत तो निवांत पहुडलेला आहे. या रूपाची तसबीर त्या भागात दुकानाच्या गल्ल्यामागे, बसचालकाच्या डोक्यावर, घरातील देव्हाऱ्याशेजारी वारंवार दृष्टीस पडते. तसबिरीखाली देवाचे नाव असते, गावाचे असते, क्वचित ती भेट देणाऱ्या पेढीचेही असते. ज्याने ती टिपली त्याचे बहुधा नसते. आणि तिच्या प्रतींवर प्रती निघाल्या तेव्हा त्याच्या हाती काय पडले, हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

मूर्ती लोकश्रद्धेनुसार स्वयंभू. तिच्यावर कोणा शिल्पकाराला स्वामित्वहक्क, म्हणजे आपण ज्याला सर्रास कॉपीराइट म्हणतो तो, सांगता येणार नाही. उद्या एखाद्या चौकात नवा पुतळा उभा राहिला, तरी सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास 1957 च्या कायद्याचे 52 वे कलम मोकळीक देते. मंदिराचे व्यवस्थापन गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ देते की नाही, हा त्या जागेच्या शिस्तीचा प्रश्न आहे, तो निराळा. परंतु छायाचित्र एकदा निघाले, की ती स्वतःच एक स्वतंत्र कृती होते. उजेड कोणत्या बाजूने घ्यावा, किती जवळून पाहावे, गर्दीतला कोणता क्षण पकडावा, हे कोणीतरी ठरविलेले असते, आणि कायदा त्या ठरविण्याला मालमत्ता मानतो. ती मालमत्ता कोणाची, येथेच आपल्या मंडळींची गल्लत होते.

हा विषय आज घेण्याचे कारण असे, की आपल्या घरांतील बरीच मुले आणि आता मुलीही कॅमेऱ्यावर पोट भरू लागली आहेत. लग्नमुंजींपुरता हा धंदा होता तोवर फारसे बिघडत नव्हते. 2023 साली पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी जामसांवलीला हनुमान लोकाच्या कामाचे भूमिपूजन झाले, आणि यात्रेकरूंच्या मागोमाग निवास, भोजनालये, प्रवासी गाड्यांचे धंदे वाढू लागले की प्रत्येकाला फलकासाठी, पत्रकासाठी चित्र हवेच असते. संत्र्याच्या व्यापाऱ्याला पेटीवर हवे असते. अशा कामाला बोलावणे आले म्हणजे आमचा तरुण लग्नाच्याच हिशेबाने उत्तर देतो: "दिवसाचे इतके द्या." काय विकले आणि काय राखले, याचा उच्चारही होत नाही.

न उच्चारल्याने काय होते ते पाहा. एकाच छायाचित्रकाराने दोन छायाचित्रे काढली असे समजू. पहिले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीचे. ते त्याने स्वतःच्या हौसेने, कोणी न सांगता काढले. दुसरे, हनुमान जयंतीच्या यात्रेचे. ते एका निवासाच्या मालकाने पैसे देऊन काढवून घेतले. पहिल्याचा स्वामी तो स्वतः. वर्तमानपत्राने घेतले, मासिकाने घेतले, तरी प्रत्येक वेळी परवानगी देणारा आणि मोबदला ठरविणारा तोच. दुसऱ्याची गोष्ट उलटी आहे. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, आणि कर्ता तोच पहिला स्वामी, हा कायद्याचा सामान्य नियम खरा; पण 17 व्या कलमात अपवाद आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले, आणि विरुद्ध करार नसला, तर पहिला स्वामी ते काढवून घेणारा. म्हणजे मुकाट्याने काम केले तर सगळे निवासवाल्याचे. तो ते फलकावर लावील, दिनदर्शिकेवर छापील, दुसऱ्याला विकीलही. छायाचित्रकाराला त्यात बोलायला जागा नाही.

हा अपवाद मला सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही, हे येथे सांगून टाकतो. गृहस्थाच्या बाजूने पाहिले तर तो शहाणपणाचा आहे. लग्नात स्टुडिओकडून काढवून घेतलेल्या छायाचित्रांवर हक्क त्या घराचा असावा, हे योग्यच. निगेटिव्ह मात्र स्टुडिओच्या पेटीत राही, आणि पुष्कळांची समजूत अशी की निगेटिव्ह ज्याच्याजवळ, हक्क त्याचा. तसे नाही. वस्तूची मालकी एक आणि छापण्याचा हक्क दुसरा. घरच्या नवरीचे छायाचित्र न विचारता स्टुडिओच्या दर्शनी कपाटात झळकले, तर "कोणाच्या परवानगीने?" असे विचारण्याचा अधिकार घराला आहे. पण जो नियम लग्नघराचे रक्षण करतो, तोच व्यापारी कामात छायाचित्रकाराला उघड्यावर पाडतो; आणि त्यावरचा उपाय कायद्यानेच त्या चार शब्दांत ठेवला आहे: विरुद्ध करार नसला तर. करार केला की झाले.

इंदूरच्या मंडळींना लाला दीनदयाळ हे नाव नवे नाही. 1866 साली ते इंदूरला बांधकाम खात्यात आले ते नकाशे काढणारे आणि अंदाजपत्रके करणारे म्हणून. कॅमेरा नंतर हाती आला; तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला; पुढे सिकंदराबादेस आणि मुंबईस त्यांच्या पेढ्या निघाल्या, निजामाच्या दरबारी मान मिळाला. अंदाजपत्रके करणारा हात म्हणूनच की काय, या गृहस्थाने आपल्या काचेच्या निगेटिव्हवर क्रमांक आणि नाव घालण्याची शिस्त ठेवली आणि संग्रह जपला. 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतील अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह घेतल्या. माणूस 1905 साली गेला होता. उलट बाजूला राजा रविवर्मा: त्यांच्या देवादिकांच्या चित्रांनी आपल्या आजी-पणजींचे देव्हारे भरले, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी छापखानाच जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे गेला, आणि पुढे त्या चित्रांच्या प्रती निघत राहिल्या त्या दुसऱ्याच्या पेढीतून. एक व्यवहार चांगला आणि दुसरा वाईट असे मी म्हणत नाही. विकणेही गैर नाही, मात्र काय विकतो ते ठाऊक असावे.

आता दराकडे वळू. दिवसाचा दर शेजारच्या दुकानात विचारून ठरवू नये. घरी वहीत ठरवावा. समजुतीसाठी आकडे घेऊ. कॅमेरा, भिंगे, संगणक मिळून 4 लाखांचे साहित्य पाच वर्षे चालले, तर वर्षाला 80,000 रुपये झिजले. दुकानभाडे, वीज, विमा, दुरुस्ती यांचे 70,000 धरा. घरखर्च महिना 30,000, म्हणजे वर्षाचे 3,60,000. एकूण झाले 5,10,000. वर्षात पैसे मिळवून देणारे दिवस किती? तीनशे नव्हेत. सुताराला किंवा शिंप्याला रोज काम असते. येथे पावसाळा मोकळा जातो, आणि चित्रे निवडणे, सुधारणे, ग्राहकांच्या भेटी यांत दिवस निघून जातात. पंच्याऐंशी धरले तर दिवसाला 6,000 पडतात. जो मुलगा 2,500 रुपयांत जातो, तो वर्षाला 2,12,500 मिळवितो आणि उरलेले वडिलांच्या निवृत्तिवेतनातून किंवा बगीच्याच्या उत्पन्नातून भरून काढतो. हे त्याला कळत नाही, कारण कॅमेरा एकदम मोडत नाही, हळूहळू मोडतो.

हा झाला काढण्याचा मोबदला. वापरण्याचा मोबदला त्याहून वेगळा, आणि खरी मेख त्यात आहे. पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याने आंबिया बहाराच्या संत्र्यांची चित्रे मागितली. दोन दिवसांचे 12,000, मदतनीस आणि प्रवास 3,000, मिळून 15,000. तेच चित्र त्याने दुकानाच्या पाटीवर आणि जिल्ह्यातल्या पत्रकांवर वर्षभर वापरले, तर वर आणखी तीन-चार हजार पुरेत. पण ते पेटीवर छापून दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात तीन वर्षे जाणार असेल, तर वापराचा मोबदला काढण्याच्या मोबदल्याइतका होणे रास्त आहे. दुसऱ्या कोणत्याही संत्रेवाल्याला हे चित्र द्यायचे नाही अशी त्याची अट असेल, तर त्याहून अधिक. कारण तितकी दारे आपण त्याच्यासाठी बंद करतो. ग्राहक म्हणाला, "महाग होते", तर दर पाडू नये. मुदत कमी करावी, मुलूख कमी करावा. तीन वर्षांऐवजी एक, देशाऐवजी जिल्हा. घासाघीस करणाऱ्यालाही ती भाषा समजते, कारण तो स्वतः माल वजनाने विकतो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सामान्यतः लागत नाही. पुढे 18 टक्के कर येतो, तो दरात गिळू नये, वेगळा दाखवावा.

कागद एक पानाचा पुरतो. चित्रे कोणती व किती. स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकास अमुक कामासाठी, अमुक मुलखात, अमुक मुदतीपुरता परवाना. मोबदला किती, विसार किती, बाकी केव्हा. तारीख कामाच्या आधीची हवी. कोणी संपूर्ण हक्कच मागितला तर तोही द्यावा, मात्र त्याची किंमत लावून. आणि ते हस्तांतर सहीनिशी लेखी असावे लागते, हे 19 वे कलम सांगते. तेथे कायद्याने दुर्बळाला थोडा हात दिला आहे. असा हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर अन्यथा ठरले नसल्यास तो परत येतो. परवान्यालाही हे नियम लागू आहेत. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या मागणीपत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरांत "सर्व हक्क, सर्व जगभर, कायमचे" असे छापलेले असते. ती पाठ आधी वाचावी. रक्कम असलेली बाजू मागाहून पाहिली तरी चालते.

वापराचे काम लिहावे असे म्हणतो त्याला मोठा दाखला आहे. क्यूबाच्या अल्बेर्तो कोर्दा यांनी 1960 साली चे गव्हेराचे जे छायाचित्र टिपले, ते भित्तिपत्रकांवर, सदऱ्यांवर जगभर गेले आणि त्यांना त्यातून काही मिळाले नाही. त्याचे त्यांना वैषम्य नव्हते. 2000 साली मात्र ते व्होडकाच्या जाहिरातीत दिसले तेव्हा ते न्यायालयात गेले. तडजोडीत मिळालेले 50,000 डॉलर त्यांनी क्यूबातील मुलांच्या औषधोपचारासाठी देऊन टाकले. पैशापेक्षा कशासाठी हा प्रश्न त्यांना बोचला. जामसांवलीच्या मारुतीची तसबीर काढणाऱ्यालाही ती तंबाखूच्या पुडीवर पाहून तसेच वाटेल.

हक्क दुसऱ्याकडे गेला तरी कर्तेपण जात नाही. 57 व्या कलमाप्रमाणे नाव सांगण्याचा आणि कृतीची विटंबना थांबविण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भित्तिशिल्प 1979 साली उतरविले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली ते त्यांना परत देवविले आणि 5 लाखांची भरपाई सरकारवर बसविली. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, तरीही. 2012 च्या दुरुस्तीने छायाचित्राच्या हक्काची मुदतही वाढली: पूर्वी प्रसिद्धीपासून साठ वर्षे होती, आता इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. तेव्हा हक्क राखून ठेवलेली जुनी चित्रे घरच्या दागिन्यांसारखी वारसांकडे जातात. मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून पाठविलेली प्रत आकसते आणि तिच्यातील तारखेच्या, कॅमेऱ्याच्या नोंदी बहुधा गळून पडतात.

राहिला चित्रात दिसणारा माणूस. संत्री तोडणाऱ्या मजूर बाईचा चेहरा पेटीवर छापायचा, तर व्यापाऱ्याची आणि छायाचित्रकाराची सही पुरत नाही. संमतीशिवाय कोणाचे रूप जाहिरातीत वापरणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात स्पष्ट केले आहे. तिचा चेहरा कोठे छापला जाणार हे तिला तिच्या बोलीत सांगावे, चार ओळींचा कागद वाचून दाखवावा, सही किंवा अंगठा घ्यावा, आणि त्या दिवसाच्या रोजीखेरीज काही रक्कम तिच्या हाती ठेवून ती त्याच कागदावर लिहावी. एक प्रत तिच्याजवळ, एक त्या कामाच्या लिफाफ्यात, बिलाशेजारी.