नदीकाठी ॲम्फीथिएटर, मग म्हशी कुठं बांधायच्या?

मित्राची मुलगी पुण्यात एम.आर्क. करते. शेवटचं वर्ष, थिसिस सुरू आहे. परवा गावाकडं आली तेव्हा लॅपटॉप घेऊन घरी आली. "काका, तुम्ही पुराच्या बातम्या केल्यात, माझा ब्रीफ जरा वाचा," म्हणाली.

ब्रीफ म्हणजे नकाशाच्या आधीचा कागद. इमारत कुणासाठी, कुठं, कशासाठी, किती जागेत, हे त्यात ठरतं. तिथं चुकलं की पुढं चित्र कितीही देखणं काढा, ते चुकीच्या प्रश्नाचंच उत्तर असतं.

विषय होता, भिलवडीत कृष्णाकाठी सांस्कृतिक केंद्र. 300 माणसांचं ॲम्फीथिएटर, आर्ट गॅलरी, कॅफे, 80 गाड्यांचं पार्किंग. केस स्टडी अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटची. आणि 'पूर' हा शब्द सगळ्या ब्रीफमध्ये एकदा, साईटच्या तक्त्यात 'धोके' या रकान्यात.

मी पोरीला रागावलो नाही. तिनं जे शिकवलं गेलं तेच लिहिलं होतं. राग आहे तो शिकवणाऱ्या पद्धतीवर. टॉपिक आधी, साईट नंतर, मग दोन केस स्टडी, त्यावरून एरिया स्टेटमेंट, आणि माणसं सगळ्यात शेवटी, शीटवर झाडाखाली उभी केलेली. साबरमतीत अहमदाबादला नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून सोडलंय आणि वासणा बंधाऱ्यानं अडवलंय. आमची कृष्णा पाणी आणून सोडावं लागत नाही, ती स्वतःहून घरात येते. तिथलं उत्तर उचलून इथं ठेवायचं, याला अभ्यास म्हणायचं?

2005, 2019, 2021. सोळा वर्षांत तीन महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली. त्या दिवसाबद्दल इथल्या माणसाला मी वेगळं काय सांगू?

लोक वेळेत का निघाले नाहीत, असं तेव्हा स्टुडिओत बसून विचारणारे पुष्कळ होते. गावात येऊन विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. दावणीला दोन म्हशी आहेत, त्या कुठं न्यायच्या? माणसांसाठी शाळा उघडली, मंगल कार्यालय उघडलं. जनावरांसाठी काय उघडलं? मी एका शाळेत गेलो होतो. वर्गात सात-सात कुटुंबं, बायकांना संडासाला जायला रांग, आणि एक म्हातारी जिन्यावर बसून होती, कारण वर चढता येत नव्हतं. ती शाळा बांधताना कुणीतरी ब्रीफ लिहिलाच असेल ना? त्यात ती म्हातारी नव्हती.

बाळकृष्ण दोशींचं इंदूरचं 'अरण्य' आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवतात. 1995 ला त्याला आगाखान पुरस्कार मिळाला. पण दोशींच्या लोकांनी आधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांचा अभ्यास केला. माणसं ओट्यावर काय करतात, गल्लीत काय करतात, घर कसं वाढवतात, ते बघितलं. मग जोतं, संडास, पाण्याची सोय एवढं दिलं आणि बाकीचं घर लोकांना ऐपतीप्रमाणं बांधू दिलं. त्याचे फोटो शीटवर चिकटवले जातात. ते आधीचं बघणं कुणी चिकटवत नाही.

मी तिला म्हटलं, ब्रीफ प्रश्नांनी सुरू कर. तुझी साईट निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल रेषेच्या? निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. पूर दहा-पंधरा दिवस राहतो, उरलेले साडेअकरा महिने त्या इमारतीत काय चालेल? जनावरं वर चढतील असा उतार किती लांब लागेल? वैरण कुठं, औषधं कुठं, जनरेटर किती उंचीवर? आणि रात्री दोनला पाणी चढलं तर किल्ली कुणाकडं? यातून निघेल ते तुझं एरिया स्टेटमेंट.

ती म्हणाली, "काका, गोठ्याला ज्युरी काय मार्क देणार? डिझाईन दिसलं पाहिजे."

खरी अडचण इथं आहे. गोठा म्हटलं की डिझाईन कमी, कॅफे म्हटलं की जास्त, हे कुणी ठरवलं? आणि गावाला नाटक नको, गाणं नको, असं मी म्हणत नाही. त्याच इमारतीत पावसाळा सोडून नाटक होऊ दे की. फक्त पुराला तक्त्याच्या रकान्यात कोंबू नका.

कुणी म्हणेल, थिसिस कुठं बांधला जातो, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण हीच मुलं पाच वर्षांनी सल्लागार कंपनीत बसून आपल्या नदीकाठचे अहवाल लिहितात. घाट, दिवे, बाकडी, सेल्फी पॉइंट. ती सवय कॉलेजातच लागते.

आम्ही पत्रकारही धुतल्या तांदळासारखे नाही. पाणी चढताना तासातासाला फूट मोजतो. उतरलं की विषय संपला. निवारा कुठं झाला, झालाच नाही तर का नाही, हे विचारायला मी स्वतः किती वेळा ग्रामपंचायतीत गेलो? बोटावर मोजण्याइतक्या.

पोरगी पुण्याला परत जायची ती थांबलीय. आठ दिवस भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ भागात घरोघर फिरणार आहे. तिच्याकडं टेप आहे आणि वही आहे. दारात आली तर चहा पाजून वाटेला लावू नका. 2019 चं पाणी भिंतीवर कुठवर होतं ते दाखवा. जनावरं कुठं नेली, कुठली सोडून द्यावी लागली, घरातलं कोण सगळ्यात शेवटी निघालं, ते सांगा. आणि वाढवून सांगू नका. जेवढं झालं तेवढंच पुष्कळ आहे.