क्वार्टरबॅकचे मोजमाप

अमेरिकन फुटबॉल पायाने कमी आणि हाताने अधिक खेळतात, हे मला डेन्व्हरला गेल्यावर कळले. २०१३ पासून तीन वर्षे मी तेथे शिकत होतो. खोलीतला सोबती तेथलाच, ब्रॉन्कोज संघाचा कट्टर भक्त. रविवारी त्याचे मित्र जमत. सामना चाले तीन तास आणि वाद चाले आठवडाभर. विषय ठरलेला : क्वार्टरबॅक श्रेष्ठ कोणता, आणि तो ठरवायचा कशावरून?

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. प्रत्येक संधीत चेंडू बहुधा प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोंचे गडी अंगावर येत असतात आणि चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. फेकलेला चेंडू सहकाऱ्याच्या हातातून उसळून प्रतिपक्षाने झेलला, तरी दोष क्वार्टरबॅकच्याच नावावर पडतो.

सोबत्याच्या मित्रांपैकी निम्म्यांचे म्हणणे सरळ होते. ज्याने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला तो मोठा. या मताचा निकाल माझ्यापुरता पेटन मॅनिंगने लावला. २०१३ च्या हंगामात त्याने ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाऊन पास असे दोन विक्रम केले आणि अंतिम सामन्यात ब्रॉन्कोज ४३-८ असे धुतले गेले. आमच्या खोलीत त्या रात्री सुतकच होते. २०१५ च्या हंगामात तोच मॅनिंग थकलेला. नऊ टचडाऊन पास, आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेले पास सतरा! मध्यंतरी त्याला बाहेरही बसवले. तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रॉन्कोजनी अंतिम सामना २४-१० असा जिंकला, तो बचावफळीच्या जिवावर. मग मोठा मॅनिंग कोणता? चषकाला विचाराल तर दुसरा. हे मला पटणे शक्य नव्हते.

दुसरा पक्ष आकडेवाल्यांचा. १९७३ पासून तेथे ‘पासर रेटिंग’ नावाचे सूत्र चालते. सफल पासांचे प्रमाण, दर पासामागे मिळालेले यार्ड, टचडाऊन आणि गमावलेले पास या चार गोष्टी त्यात येतात. कमाल गुण १५८.३. शंभर का नाहीत, हे विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही. या सूत्रात क्वार्टरबॅकचे स्वतः धावणे धरलेले नाही, चेंडू हातात असताना तो पाडला गेला तर तेही नाही. साधन अपुरे आहे, याबद्दल वाद नको.

पण तिसरा पक्ष मला सर्वांत घातक वाटे, आणि बोलायला तोच सर्वांत गोड. ‘आकडे ठेवा बाजूला, नेतृत्व डोळ्यांना दिसते,’ असे हे लोक म्हणत. या डोळ्यांचा इतिहास डेन्व्हरमध्येच आहे. १९६८ साली मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय नवख्या खेळाडूने ब्रॉन्कोजसाठी चौदा टचडाऊन पास दिले. त्याचे निम्म्याहून अधिक पास वाया गेले, हे खरे. पण नवख्याला सुधारायला दुसरे वर्ष देतात, ते त्याला मिळाले नाही. पुढच्या वर्षी तो बफेलोच्या संघात पास झेलणारा म्हणून खेळत होता. कृष्णवर्णीयांजवळ चपळाई असते, पण संघ चालवण्याची बुद्धी नसते, हा समज त्या काळी सर्रास होता, आणि त्यालाच ‘नेतृत्वाची पारख’ हे भारदस्त नाव होते. मुलाखतीच्या कागदावर ‘व्यक्तिमत्त्व’ असा एक रकाना असतो, तो भरताना मला ब्रिस्को आठवतो.

म्हणून मी आकडेवाल्यांच्या बाजूचा. आकडा चुकला तर कोठे चुकला ते दाखवता येते. डोळा चुकला तर तो मान्य कोण करणार?

एकदा हे मी जोरात सांगितले, तेव्हा सोबत्याने मला गप्प केले. तो म्हणाला, ‘मैदानात उतरूच दिले नाही, तर आकडा येणार कोठून?’ त्याने वॉरन मूनचे उदाहरण दिले. १९७८ मध्ये एकाही अमेरिकन संघाने मूनला निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनने लागोपाठ पाच ग्रे कप जिंकले, तेव्हा १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला बोलावले. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. कॅनडाने दार उघडले नसते, तर मोजायला काहीच नव्हते. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते, आजही नाही.

१३ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी मी बेळगावात कॉलेजला निघायच्या घाईत असताना सोबत्याचा फोन आला. सुपर बोल नुकताच संपला होता, आणि दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक प्रथमच कृष्णवर्णीय होते : पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. महोम्सचा संघ ३८-३५ असा जिंकला. हर्ट्सने स्वतः धावत जाऊन तीन टचडाऊन केले होते.

‘आणि त्यातला एकही तुझ्या सूत्रात धरत नाहीत,’ सोबती म्हणाला. माझा पहिला तास बुडाला.