सुई टोचण्याआधी पाऊल तपासा

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद



अ‍ॅक्युपंक्चरसाठी पश्चिम बंगालनंतर महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. 2015 च्या त्या कायद्यातून आपली परिषद उभी राहिली आणि 2019 च्या फेब्रुवारीत केंद्रानेही या उपचारपद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. या मान्यतेचा पेशंट काढतो तो अर्थ साधा असतो: सरकारने मानले म्हणजे गुण येणारच. पण उपचार कोणी करावेत, शिक्षण किती हवे, एवढेच कायदा ठरवतो. कोणत्या दुखण्यावर किती गुण येईल, हे त्यात लिहिलेले नसते. या गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत न्यूरोपॅथीचे, म्हणजे मज्जातंतूंच्या विकाराचे, पेशंट मोजू शकतात. म्हणून माझी मागणी आहे की त्यांच्यासाठी परिषदेने वेगळी आणि बंधनकारक नियमावली करावी.

आधी पुराव्याकडे पाहू. पाठ, मान, गुडघा आणि डोकेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चरच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. अशा 39 चाचण्यांतल्या सुमारे 21 हजार पेशंटांची माहिती एकत्र करून 2018 मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या. मात्र दोहोंतला फरक लहान होता. ते निष्कर्ष उचलून मज्जातंतूंच्या वेदनेला लावता येत नाहीत. त्या वेदनेपुरता वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा 2017 चा आढावा पाहिला तर हाती फक्त 6 चाचण्या आणि 462 पेशंट लागतात, आणि निष्कर्ष असा की बाजूने किंवा विरोधात ठामपणे काही म्हणता येत नाही. एचआयव्हीमुळे झालेल्या न्यूरोपॅथीवर 1998 मध्ये अमेरिकेत 250 पेशंटांची चाचणी झाली होती. तिथे अ‍ॅक्युपंक्चरला यश आले नाही. पण त्याच चाचणीत अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नेहमीची गोळीही नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही, हेही सांगायला हवे.

मग हा उपचार बादच का करू नये? कारण समोरची औषधेही फार मोठा आधार देत नाहीत. प्रीगॅबालिन साधारण आठ जणांना द्यावे तेव्हा त्यातल्या एकाला, केवळ नकली गोळीने आला नसता असा भरीव आराम मिळतो; ड्युलोक्सेटिनचे प्रमाण सहा-सात जणांमागे एक असे आहे. उरलेल्यांच्या वाट्याला पुष्कळदा गुंगी, चक्कर, पायावर सूज एवढेच येते. केमोथेरपीनंतरच्या न्यूरोपॅथीसाठी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शिकेने अ‍ॅक्युपंक्चर देऊन पाहायला हरकत नाही असे म्हटले आहे, आणि पुरावा कमकुवत असल्याचेही तिथेच नोंदवले आहे. रात्रभर तळपायांची आग होणाऱ्या माणसाला गोळ्या सोसत नसतील, तर प्रशिक्षित हाताने आणि निर्जंतुक सुईने काही बैठका करून पाहणे गैर नाही. वेदना कमी व्हावी म्हणून हा उपचार द्यावा, आणि तसेच सांगून द्यावा. मेलेली नस जिवंत होईल, बधिर पायाला पुन्हा जाण येईल, असे सांगण्याला आज भरवशाचा आधार नाही. नियमावलीत हे दावे स्पष्ट शब्दांत निषिद्ध असावेत.

खरी काळजी पुढे आहे. चालता चालता पायातली चप्पल निघून मागे राहिली तरी कळत नाही, अशी तक्रार मधुमेहाच्या पेशंटांकडून वारंवार ऐकू येते. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे अशी पावले किती असतील याचा अंदाज करता येतो. पण मुंग्या आणि बधिरपणा यांमागे बी-12 ची कमतरताही असते. वर्षानुवर्षे मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत आणि शाकाहाऱ्यांत तिचा संशय आधी घ्यावा. दारू असते, थायरॉइड असतो. आणि महाराष्ट्रात विसरून चालणार नाही असा कुष्ठरोग असतो. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा आणि कोपराशी जाड झालेली नस हाताला लागली, तर त्या पेशंटची पहिली गरज सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे औषध हीच आहे. सुयांनी आग थोडी कमी झाली आणि त्या समाधानात चार महिने गेले, तर तेवढ्यात हाताची बोटे वाकू शकतात.

ज्या पायाला टोचलेले कळत नाही, त्या पायाला भाजलेलेही कळत नाही. सुयांच्या जोडीने मोक्साचा (जळत्या वनस्पतीचा) शेक किंवा उष्णतेचा दिवा वापरला, की फोड पेशंटला घरी गेल्यावर दिसतो, आणि मधुमेहात तो चिघळतो. खबरदारी अगदी स्वस्त आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू पेशंटला डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा आणि कुठे कळते ते विचारायचे. दोन मिनिटांचे काम. जिथे कळत नाही तिथे सुई नाही, शेक नाही.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील की अ‍ॅक्युपंक्चरमध्ये प्रत्येक पेशंटचा उपचार वेगळा, त्याला एका साच्यात कसे बसवणार? बिंदू कोणते निवडायचे ते तज्ज्ञाने खुशाल ठरवावे. रक्तातली साखर, बी-12 आणि पायाची जाण मात्र सगळ्यांची एकाच रीतीने मोजता येते. परंपरेचा दाखलाही दिला जाईल. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेले डॉ. बिजॉय बसू पुढे ही विद्या भारतात घेऊन आले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण कोटणीस युद्धभूमीवरचे शल्यचिकित्सक होते, त्यांच्या नावाने उपचाराचा गुण सिद्ध होत नाही. तिसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो मी हलका मानत नाही: इतके नियम केले तर पेशंट येणार कसे? त्यावर एवढेच म्हणेन की तपासून, खरे सांगून उपचार करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला आज भोंदूंपासून वेगळे ओळखू येईल असे काही हवे आहे, आणि ते परिषदच देऊ शकते.

शेवटची मागणी नोंदींची आहे. पहिल्या दिवशी पेशंटकडून वेदनेला शून्य ते दहा असा आकडा द्यायला सांगावा, सहाव्या बैठकीनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि फरक नसेल तर उपचार थांबवून फिजिशियनकडे पाठवावे. चालू असलेल्या गोळ्या आणि इन्सुलिन कोणीही परस्पर बंद करू नये. हे आकडे, नावे वगळून, परिषदेकडे दरवर्षी जमा झाले तर इथल्याच पेशंटांवर नीट आखलेली चाचणी उभी करायला पाया मिळेल. नियमावलीचा मसुदा करताना मधुमेहतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि कुष्ठरोग निर्मूलनाचे काम करणारे डॉक्टर यांना बैठकीस बोलवावे, आणि मसुदा मराठीत जाहीर करून त्यावर सूचना मागवाव्यात, ही विनंती.